रेषेतला पाऊस



चित्रकार म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? हातात कुंचला, शेजारी रंगांच्या बाटल्या आणि समोर ताणलेले कापड. बरोबर ना? पण कुंचल्याला हात न लावता चित्र तयार करणारे कलावंतही असतात. त्यांच्या हातात सुतारासारखी पटाशी असते. ते लाकडाच्या फळीवर चित्र कोरतात, फळीवर शाई फिरवतात, तिच्यावर कागद ठेवून दाबतात आणि मग तो कागद अलगद उचलतात. कागदावर चित्र उमटलेले असते. अशा चित्राला मुद्राचित्र म्हणतात. मुद्रा म्हणजे ठसा. उर्दूत आपण त्याला मोहर म्हणतो.

ठसे तुम्हांला नवे नाहीत. शाळेच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांच्या सहीजवळ जो गोल शिक्का असतो, तो ठसाच. दिवाळीत शेजारच्या काकू दारात रांगोळीचा छापा ठेवतात, तोही ठसाच. ईदच्या खरेदीत अम्मीने पसंत केलेल्या ओढणीवरची वेलबुट्टी पुष्कळदा लाकडी ठशानेच छापलेली असते.

एक छोटा प्रयोग करून पाहा. जुने खोडरबर घ्या. त्यावर पेनने तुमच्या नावाचे पहिले अक्षर काढा, अक्षराभोवतीचे रबर मोठ्या माणसांच्या मदतीने ब्लेडने काढून टाका आणि शाई लावून कागदावर दाबा. अक्षर उलटे उमटेल! सुलटे हवे असेल तर खोडरबरावर ते उलटे काढावे लागते, आरशात दिसते तसे. म्हणजे गंमत बघा. उर्दूचा शब्द ठशावर कोरताना तो मराठीसारखा डावीकडून उजवीकडे जातो आणि मराठीचा शब्द उर्दूसारखा उजवीकडून डावीकडे. रोज दोन्ही दिशांनी लिहिणाऱ्या तुम्हां मुलांना मुद्राचित्रकाराचे हे कसब इतरांपेक्षा लवकर जमेल, असे मला नेहमी वाटते.

या कलेचा आपल्या परिसराशी जुना संबंध आहे. राजा रविवर्मा यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. आपली चित्रे सामान्य माणसाच्या घरात पोहोचावीत म्हणून त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे आला. मळवली आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. आमच्या हिंजवडीहून फार लांब नाही. तेथे दगडावर चित्र उतरवून ते रंगांत छापत. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या गोष्टीवर ती दगडी छपाई चालते. १९७२ साली त्या छापखान्याला आग लागली आणि त्याचे काम थांबले. पण त्या चित्रांच्या प्रती आजही कितीतरी जुन्या घरांत भिंतीवर दिसतात.

उर्दू पुस्तकेही अनेक वर्षे दगडावरच छापली जात. कातिब म्हणजे सुंदर अक्षरात मजकूर लिहिणारा कारागीर. तो खास शाईने कागदावर ओळ न् ओळ लिही आणि मग ते लेखन दगडावर उतरवले जाई. संगणक आले आणि कातिबांचे काम संपत गेले. माझ्या अब्बांच्या कपाटात अशी काही पुस्तके आहेत. त्यांतले प्रत्येक पान कोणीतरी हाताने लिहिलेले आहे, हे कळल्यापासून मी ती जपून हाताळते.

आज मी तुम्हांला माझ्या आवडत्या मुद्राचित्रकाराची ओळख करून देणार आहे. त्यांचे नाव झरीना. पूर्ण नाव झरीना हाश्मी. पण चित्रांवर आणि पुस्तकांवर त्या नुसते ‘झरीना’ एवढेच नाव लावत.

झरीना यांचा जन्म १६ जुलै १९३७ रोजी अलीगढ येथे झाला. वडील अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. विद्यापीठाच्या आवारातल्या घरात, अंगणात आणि बागेत त्यांचे बालपण गेले. १९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. साधारण तुमच्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्या वर्षी त्यांनी जे पाहिले, ते त्या जन्मभर विसरल्या नाहीत.

चित्रकार व्हायचे म्हणून त्या शिकल्या असतील, असे तुम्हांला वाटेल. पण त्यांनी पदवी घेतली ती गणितात, १९५८ साली. त्यांना विमानाचीही हौस होती. दिल्लीत त्या ग्लायडर उडवायला शिकल्या. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले, वाऱ्यावर तरंगणारे विमान. उंचावरून पाहिले की घर एक चौकोन होते, रस्ता एक रेघ होतो आणि नदी एक वळण होते. त्यांची चित्रे पाहताना मला हे दोन्ही आठवते. गणिताची शिस्तही दिसते आणि आकाशातून पाहणारी नजरही दिसते.

लग्नानंतर पतीच्या परराष्ट्र खात्यातील नोकरीमुळे त्या देशोदेशी फिरल्या. थायलंडमध्ये बँकॉकला त्यांनी लाकडी ठशाची कला प्रथम पाहिली. पुढे पॅरिसमध्ये विल्यम हेटर यांच्या प्रसिद्ध कार्यशाळेत त्या काही वर्षे शिकल्या. आपल्या देशाचे थोर मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी हेही त्याच कार्यशाळेत काम करत. पाण्याची लाट, भोवरा, मासे, उमलणारे फूल हे रेड्डींचे आवडते विषय. एकाच धातूच्या पत्र्यावर कमीजास्त तेलाच्या शाया लावून ते एका दाबात अनेक रंग छापत. नंतर झरीना जपानलाही गेल्या आणि तेथील लाकडी ठशांची रीत त्यांनी जवळून पाहिली. १९७६ पासून त्या अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात राहिल्या.

आता त्यांच्या चित्रांकडे वळू.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी लाकडाचे तुकडे जोडून चित्रे छापली. त्यांतल्या काहींत कोरीव काम फारच थोडे आहे. मग तेथे दिसते काय? लाकूडच दिसते. लाकडाच्या अंगातल्या रेघा शाईमुळे कागदावर उमटल्या आहेत.

त्या चित्रांची खरी गोडी समजायची असेल, तर एकदा लाकडाच्या वखारीत जाऊन या. ओंडका आडवा कापला की आत एकात एक बसलेली वर्तुळे दिसतात. झाड वाढत जाते तशी ही वर्तुळे वाढतात. पाऊस चांगला झाला असेल तर त्या हंगामाचे वर्तुळ जाड होते, दुष्काळ पडला तर बारीक. उभी फळी कापली की हीच वर्तुळे लांब रेघांसारखी दिसतात. जेथे फांदी फुटली होती तेथे गाठ असते आणि रेघा तिला वळसा घालून जातात, ओढ्याचे पाणी दगडाला वळसा घालते तशा. म्हणजे झाडाने भोगलेले ऊन आणि पाऊस त्याच्या अंगात लिहिलेले असतात. झरीना यांनी त्यावर शाई फिरवली आणि ते लिहिलेले आपल्याला वाचायला दिले. झाडाचे चित्र अनेकांनी काढले आहे. पण झाडाच्या हातूनच झाडाचे चित्र काढून घ्यावे, ही कल्पना मला फार आवडते.

आणि कागदाचे काय? तोही झाडातूनच आलेला! झरीना यांना जपानी कोझो कागद आवडे. तुतीच्या जातीतल्या एका झाडाच्या सालीपासून तो करतात. साल उकळतात, कुटतात, तिचे लांब लांब तंतू पाण्यात पसरवतात आणि चाळणीवर उचलून वाळवतात. असा कागद पातळ असतो, तरी चिवट असतो. ठशाची शाई तो चटकन पिऊन घेतो. पुढे पुढे झरीना यांनी कागदाचा लगदा साच्यात ओतून शिल्पांसारख्या आकृतीही केल्या.

हातकागदाची कला आपल्याकडेही होती, हे विसरू नका. आपल्या जिल्ह्यातले जुन्नर एके काळी कागदासाठी नावाजलेले होते. दौलताबादजवळ कागदीपुरा नावाचे गाव आजही आहे आणि पुण्याच्या कसबा पेठेतही कागदीपुरा आहे. कागद करणाऱ्या मुस्लिम कारागिरांना ‘कागदी’ म्हणत. त्यांच्या हातच्या कागदावर कितीतरी मोडी आणि फारसी दफ्तरे लिहिली गेली. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागदाची संस्था सुरू झाली, ती गांधीजींच्या प्रेरणेने. चिंध्यांपासून तेथे कागद होई. संधी मिळाली तर हातकागदाचे एक पान बोटांनी चाचपून पाहा. वहीच्या गुळगुळीत पानाहून ते किती वेगळे लागते!

झरीना यांचे माझे सर्वांत आवडते काम म्हणजे १९९९ साली त्यांनी केलेली ३६ मुद्राचित्रांची मालिका. तिच्या नावाचा अर्थ आहे, ‘घर ही एक परकी जागा आहे’. ही मालिका त्यांनी चित्रांपासून सुरू केली नाही. त्यांनी आधी शब्द जमवले. घर म्हटल्यावर मनात येणाऱ्या उर्दू शब्दांची एक यादी त्यांनी केली. ते शब्द पाकिस्तानातल्या एका कातिबाकडून सुंदर नस्तालिक अक्षरांत लिहून घेतले. मग प्रत्येक शब्दासाठी एक चित्र लाकडात कोरले. चित्राखाली तो शब्द छापला.

त्या शब्दांत घर आहे, दार आहे, उंबरठा आहे, भिंत आहे. आणि त्यांच्या बरोबरीने आभाळ आहे, पाऊस आहे, गरम वारा आहे, संध्याकाळ आहे, रात्र आहे. यांतील प्रत्येक शब्दाला उर्दूत काय म्हणतात, ते तुम्ही मनातल्या मनात म्हणून पाहा. उंबरठा म्हणजे दहलीज. पुढचे तुम्ही सांगा.

पाहिलेत? घरात भिंती असतात तसा पाऊसही असतो. आपण घराचे वर्णन करताना खोल्या मोजतो. पण आठवण येते तेव्हा खोल्यांच्या आधी दुपारचे ऊन आठवते, मोरीजवळच्या ओल्या मातीचा वास आठवतो, गच्चीवरून दिसणारे चांदणे आठवते. झरीना यांनी भिंतींना आणि पावसाला एकाच ओळीत बसवले.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी दिल्लीला गेले होते. तेथील किरण नाडर कला संग्रहालयात झरीना यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तोवर मी त्यांची चित्रे पुस्तकातच पाहिली होती. प्रदर्शनात शिरले आणि प्रथम जाणवली ती शांतता. भडक रंग नाहीत, माणसांचे चेहरे नाहीत. कागदाचा मऊ पिवळसर रंग आणि त्यावर काळ्या रेषा. ‘घर’ या शब्दाच्या चित्रात घराचा नकाशा आहे, गवंडी जमिनीवर फक्कीने आखतो तसा. पावसाच्या चित्रात ढग नाहीत, छत्री नाही, भिजणारी मुले नाहीत. फक्त रेषा आहेत.

माझ्या शेजारी एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन उभे होते. मुलगा हळूच म्हणाला, “अब्बू, ये तो मैं भी बना सकता हूँ.” वडील हसले. मलाही हसू आले. तुमच्याही मनात हेच आले असेल. चार रेघा तर आहेत. त्यांत कसले कौतुक?

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर शोधले पाहिजे.

पहिली गोष्ट कसबाची. कागदावर पेन्सिलीने काळी रेघ ओढणे सोपे आहे. लाकडी ठशात मात्र काळी रेघ हवी असेल तर ती रेघ सोडून बाकीचे सगळे लाकूड कोरून काढावे लागते. रेघ तेवढी उंच उरली पाहिजे. पटाशी थोडी घसरली तर रेघ तुटते आणि तुटलेली रेघ पुन्हा जोडता येत नाही. झरीना यांचे २००१ सालचे एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यामधली सीमारेषा आहे. पूर्ण कागदावर फक्त एक वेडीवाकडी काळी रेघ. ती रेघ उरावी म्हणून त्यांनी भोवतालचे लाकूड पटाशीने काढून टाकले. ते काढताना राहिलेले पटाशीचे बारीक ओरखडेही कागदावर उमटले आहेत. शेते, नद्या, गावे यांच्या मधून माणसांनी एक रेघ ओढली आणि लाखो घरे उखडली गेली. १९५९ साली त्यांचे आईवडीलही कराचीला गेले. हे ठाऊक झाल्यावर ती रेघ पुन्हा पाहा. ती आता चार रेघांपैकी एक राहत नाही.

दुसरी गोष्ट संयमाची. आपण मराठीत म्हणतो, ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’. सगळेच सांगून टाकले तर पाहणाऱ्याला काही काम उरत नाही. झरीना पावसाची फक्त रेषा देतात. त्या रेषेत कोणता पाऊस भरायचा, ते आपल्यावर सोपवतात. अलीगढच्या पावसाची त्यांची आठवण त्यांच्याजवळ. मला तेथे आमच्या हिंजवडीचा पाऊस दिसला.

तुम्ही आजचे हिंजवडी पाहिले असेल. काचेच्या उंच इमारती, संगणक कंपन्यांच्या बसगाड्या, सकाळ-संध्याकाळ गाड्यांच्या रांगा. मी लहान असताना हे चित्र नव्हते. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून येथे औद्योगिक वसाहत वाढू लागली, तोवर हे मुळशी तालुक्यातले शेतीचे गाव होते. म्हातोबाच्या यात्रेला पंचक्रोशीतली माणसे जमत, आजही जमतात. आमच्या घरामागे भाताची खाचरे होती. जूनमध्ये पहिली सर आली की दादी पदर खोचून अंगणात येई आणि कौलांखाली हंडे मांडी. घरात ती दखनी बोले. पण पावसाशी मात्र मराठीत बोले. “आलास का रे बाबा, ये,” असे म्हणे. पावसाला बहुधा मराठीच कळते, अशी माझी लहानपणी समजूत होती.

आज त्या खाचरांच्या जागी वाहनतळ आहे. मी तक्रार करत नाही. त्या कंपन्यांमुळे कितीतरी घरांत चूल पेटते. माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण तेथेच कामाला आहेत. पण दिल्लीत त्या चित्रासमोर उभी असताना मला कौलांवरून हंड्यात पडणारी धार ऐकू आली. हंडा रिकामा असताना मोठा आवाज येतो आणि भरत आला की तो हळू होत जातो. हा आवाज मी वीस वर्षे विसरले होते. तो मला चार रेषांनी परत दिला.

म्हणून त्या मुलाच्या बोलण्याला माझे उत्तर असे की, होय बेटा, तूही काढू शकशील. पण आधी तुझ्याजवळ तुझा पाऊस हवा.

हे मी केवळ म्हणत नाही. माझ्या वर्गात त्याचा अनुभव मला आला. आठवीच्या मुलांना मी ‘माझे घर’ हा निबंध लिहायला दिला होता. वह्या तपासल्या तर जवळजवळ सगळीकडे एकच मजकूर. माझे घर सुंदर आहे, घरासमोर बाग आहे, बागेत गुलाबाची फुले आहेत. मुलांनी तो निबंधाच्या तयार पुस्तकातून उतरवला होता. खरे तर त्या वर्गातल्या एकाही घरासमोर बाग नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना झरीना यांची गोष्ट सांगितली. मग म्हटले, “निबंध राहू द्या. घर म्हटल्यावर मनात येणारे दहा शब्द आधी उर्दूत लिहा, मग त्यांच्यासमोर मराठीत लिहा. त्यांतला एक शब्द निवडा आणि खोडरबरावर त्याचे चित्र कोरा. चेहरे नकोत, झाडे-फुले नकोत. फक्त रेषा.”

वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील इमारतींत फरशी बसवत. एका इमारतीचे काम संपले की कुटुंब दुसऱ्या इमारतीपाशी राहायला जाई. तीन वर्षांत त्यांनी चार घरे बदलली होती. तिने हात वर केला आणि विचारले, “टीचर, कोणते घर लिहू?”

वर्गात काही मुले हसली. मी म्हटले, “जे आधी आठवेल ते.”

तिने बराच वेळ काही लिहिले नाही. मग एक शब्द लिहिला, टीन. त्यासमोर मराठीत लिहिले, पत्रा. तास संपताना तिने आपला ठसा दाखवला. वर एक जाड आडवी रेघ आणि तिच्या खाली जवळ जवळ बारीक उभ्या रेघा. “हे काय?” शेजारच्या मुलाने विचारले. ती बोलली नाही. तिने बाकावर बोटांची टोके वाजवायला सुरुवात केली. आधी सावकाश, मग भराभर. पत्र्यावर पडणारा पाऊस! एक एक करून सगळा वर्ग बाकावर बोटे वाजवू लागला. शेजारच्या वर्गातले सर काय झाले म्हणून दारात येऊन पाहू लागले.

तिची सगळी घरे वेगवेगळ्या ठिकाणी होती. पण छप्पर प्रत्येक वेळी पत्र्याचेच होते. चारही घरांत पाऊस सारखाच वाजत होता. तिला तिचे घर सापडले होते.

त्या दिवशी तिने आपल्या ठशाच्या प्रती काढून वर्गातल्या प्रत्येकाला एक एक दिली. हे मुद्राचित्राचे मोठेपण आहे, मुलांनो. रंगवलेले चित्र एकच असते. ते एकाच भिंतीवर लागते. ठशातून मात्र अनेक प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत अस्सल असते. कलावंत प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने तिचा क्रमांक लिहितो आणि सही करतो. म्हणजे वीस प्रती काढल्या असतील तर एकच चित्र वीस घरांत राहू शकते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी शाळेत आली नाही. इमारतीचे काम संपले होते आणि तिचे कुटुंब दुसऱ्या गावी गेले होते. पुढचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. पण तिचा पाऊस आमच्या वर्गातल्या सगळ्या घरांत राहिला. एक प्रत माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तिच्या कोपऱ्यात तिने दोन्ही लिप्यांत आपले नाव लिहिले आहे.

ती गेल्यावर मला झरीना यांचे आणखी एक काम नव्याने समजले. त्यांची बहीण राणी पाकिस्तानात राहत होती. राणी यांनी झरीना यांना उर्दूत पत्रे लिहिली होती. पण ती टपालात टाकलीच नव्हती. पुढे ती पत्रे झरीना यांच्या हाती आली. २००४ साली त्यांनी त्या पत्रांवरून आठ मुद्राचित्रे केली. पत्रातल्या उर्दू ओळी तशाच ठेवल्या आणि त्यांवर घरांचे आणि शहरांचे नकाशे छापले. न पाठवलेली पत्रे ठशांमुळे जगभर पोहोचली. माणसे दूर जातात, घरे विकली जातात. त्या वेळी एखादी रेष, एखादा शब्द त्यांची खूण सांभाळून ठेवतो.

झरीना यांचे २५ एप्रिल २०२० रोजी लंडनमध्ये निधन झाले. न्यूयॉर्क आणि लंडनच्या मोठ्या संग्रहालयांत त्यांची चित्रे जपून ठेवलेली आहेत. २०११ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात भारताच्या दालनात त्यांचे काम मांडले गेले. १६ जुलै २०२३ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांच्या शैलीचे चित्र झळकवले. जगाने त्यांचा असा सन्मान केला. तरी मला विशेष वाटते ते वेगळेच. अर्धे आयुष्य परदेशात काढूनही त्यांनी पावसाला आपल्या मातृभाषेतल्या नावानेच हाक मारली. न्यूयॉर्कमध्ये ती अक्षरे वाचू न शकणारी माणसेही त्या चित्रांसमोर थांबली.

मित्रांनो, तुम्ही उर्दू शाळेत शिकता आणि मराठीही शिकता. काही मुलांना हे ओझे वाटते. मला ‘दो दो जबानें’ कशाला, असे विचारणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. मी त्यांना सांगते, तुमच्याजवळ प्रत्येक गोष्टीची दोन नावे आहेत. दहलीज म्हणताना तुम्हांला नानीचे घर आठवेल आणि उंबरठा म्हणताना शेजारच्या काकूंच्या दारातली रांगोळी आठवेल. पाऊस म्हटले की भाताची खाचरे दिसतील. ज्याच्याजवळ दोन शब्द आहेत, त्याच्याजवळ दोन पाऊस आहेत. माझी दादी शाळेत गेली नव्हती, पण हे धन तिच्याजवळ होते.

येत्या पावसाळ्यात एक काम करा. पहिली सर आली की लगेच मोबाइलवर फोटो काढू नका. थोडा वेळ नुसते ऐका. तुमच्या छपरावर तो कसा वाजतो? कौलांवर, पत्र्यावर, सिमेंटच्या गच्चीवर, प्लास्टिकच्या ताडपत्रीवर, प्रत्येक ठिकाणी त्याचा आवाज निराळा असतो. झाड असेल तर पानांवरचा आवाज ऐका. मग वहीत त्या आवाजाची एक रेष काढा आणि तिच्याखाली एक शब्द लिहा, उर्दूत आणि मराठीत. जमल्यास ती रेष खोडरबरावर किंवा बटाट्याच्या फोडीवर कोरा. अक्षर उलटे कोरायचे, हे लक्षात आहे ना?

पहिली प्रत बिघडेल. दुसरी थोडी बरी येईल. दहावी प्रत हातात आली की ती एखाद्या मित्राला द्या. कोणत्या छपरावरचा पाऊस आहे, ते त्याला सांगू नका. त्याला ओळखू द्या.